राग की बेत

"राग आहे की बेत आहे, तेवढं बघू."

गाडीतून उतरताना मॅडम हे एवढंच म्हणायच्या आणि ओढणीचं टोक कमरेला खोचायच्या. समोर शाळेच्या दारात मुख्याध्यापक घाम पुसत उभे असायचे. बाजूला दोन-चार शिक्षक, एखादा आवाज चढवून बोलणारा पालक, आणि हमखास एक माणूस, ज्याचा त्या प्रकरणाशी काही संबंध नसायचा पण बोलायचा तोच जास्त. असा माणूस तुम्हीही प्रत्येक गावात पाहिला असेल. मॅडम सगळ्यांना नमस्कार करायच्या आणि विचारायच्या, "मूल कुठंय?"

मी त्यांचा ड्रायव्हर. सरकारी दवाखान्यातून चालणाऱ्या मुलांसाठीच्या एका योजनेला माझी जीप भाड्यानं लावलेली होती. दौंड आणि शिरूर या दोन तालुक्यांतल्या शाळांत कुणी पोरानं दुसऱ्याचं डोकं फोडलं, कुणी दप्तरात चाकू आणला, कुणी कुणाला संपवायची भाषा केली, की फोन यायचा आणि आम्ही निघायचो. मॅडमचं नाव मी इथं लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये त्या वाढल्या, वडील रेल्वेत गार्ड होते, शिक्षण समुपदेशनाचं. उंची जेमतेम आणि आवाज बारीक. पहिल्या दिवशी त्यांना बघून मी मनात म्हटलं, ही बाई पोरांच्या भांडणात पडली तर हिलाच दवाखान्यात न्यावं लागेल. तुम्हीही तेच म्हणाला असता.

त्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "मामा, बादली आहे का? आणि दोन फडकी?"

मला वाटलं बाईंना गाडी मळकी वाटली. ड्रायव्हरला याच्याइतका दुसरा अपमान नाही. पण मॅडम ज्याच्यासाठी आम्हाला बोलावलं होतं त्या पोराला घेऊन आल्या, त्याच्या हातात एक फडकं दिलं, दुसरं स्वतः घेतलं, आणि दोघं मिळून माझी जीप धुवायला लागले. मुख्याध्यापकांनी त्यांच्यासाठी पंखा लावून, टेबलावर नवा कपडा टाकून खोली तयार ठेवली होती. ती तशीच राहिली.

"टेबलापलीकडं बसवलं की पोराला वाटतं, आता आपली चौकशी आहे," मॅडमनी मला नंतर सांगितलं. "हाताला काम असलं आणि डोळ्याला डोळा भिडवायचा नसला, की बोलतात."

तेव्हापासून माझी जीप दोन तालुक्यांत सगळ्यात स्वच्छ जीप झाली. दवाखान्यातले बाकीचे ड्रायव्हर विचारायचे, "कोणता शाम्पू लावता हो?" मी काय सांगणार? या टायरवर सातवीतलं एक पोरगं ढसाढसा रडलंय, आणि त्या आरशात बघून एकानं बापाचा मार कसा असतो ते सांगितलंय, हे काय सांगायची गोष्ट होती? आणि मला तरी कानावर पडलं त्यापुढचं कुठं ठाऊक होतं? पोरगं बोलायला लागलं की मॅडम मान न वळवता म्हणायच्या, "मामा, चहा घेऊन या." म्हणजे मी निघून जायचं. त्या चार वर्षांत मी जेवढा चहा प्यालो तेवढा जन्मात प्यालो नाही. न्हावऱ्यापासून कुरकुंभपर्यंत कुठल्या टपरीवर आलं जास्त टाकतात ते मला अजून पाठ आहे.

परतीच्या वाटेवर मी खडा टाकून बघायचो. "पोरगं लई गरम डोक्याचं दिसतंय, मॅडम." मॅडम खिडकीबाहेर बघून म्हणायच्या, "ऊस चांगला आलाय नाही यंदा?" असं म्हटलं की समजायचं, पुढचा रस्ता उसावरच काढायचा. एकदा तर बाहेर सगळा कांदा होता तरी त्यांनी उसाचंच कौतुक केलं. मी गुपचूप गिअर बदलला.

सणसवाडीच्या एका शाळेतला प्रकार मात्र साऱ्या गावादेखत झाला, म्हणून सांगतो. तिथं बाहेरून आलेल्या कामगारांची पोरं बरीच. त्यातल्या एकानं मुतारीच्या भिंतीवर कोळशानं लिहिलं, 'स्कूल जला दूंगा.' झालं, पालकांची गर्दी, कुणी म्हणे पोलीस बोलवा, कुणी म्हणे आत्ताच्या आत्ता दाखला हातात द्या. मॅडम पोराशेजारी बोनेट पुसत उभ्या. गर्दी जवळ आली तशी त्यांनी मोठ्यानंच विचारलं, "कब जलाएगा?" पोरगं म्हणालं, "मालूम नहीं." "माचिस किधर से लाएगा?" ते विचारात पडलं. "घर में गैस है, लाइटर है, माचिस नहीं है." गर्दीतल्या एक-दोघांना हसू आलं. पुढं कळलं की आई पहिल्या पाळीला जाते, पोरगं उपाशी येतं, आणि मधल्या सुट्टीपर्यंत त्याचं डोकं फिरलेलं असतं. "राग आहे," मॅडम मुख्याध्यापकांना म्हणाल्या. "बेत नाही. सकाळी काहीतरी खायला द्या, आणि भिंत त्याच्याकडूनच रंगवून घ्या." भिंत त्यानं एवढी झकास रंगवली की तो पुढं शाळेचे फळे लिहायला लागला.

मुख्याध्यापकांना मात्र पक्कं उत्तर हवं असायचं. "मॅडम, पोरगं धोकादायक हाय का न्हाई? टक्के सांगा." मॅडम म्हणायच्या, "आज नाही, सर. पुढच्या आठवड्यात परत येऊन बघते." हे उत्तर कुणालाच आवडायचं नाही. पण त्या खरंच पुढच्या आठवड्यात जायच्या आणि त्याच्या पुढच्याही. आणि दाखला द्यायचा विषय निघाला की त्या बारीक आवाजातच पण अशा बोलायच्या की समोरचा पेन खाली ठेवायचा. "घालवलं की तो तुमच्या डोळ्यांसमोर नसणार. राग त्याच्याबरोबर जाणार आणि लक्ष ठेवणारं कुणी नाही. चालेल तुम्हाला?"

हे सगळं मी लांबून बघत होतो, चहा पीत. मग ते माझ्याच घरात आलं.

माझं गाव खुटबावच्या बाजूचं. आमच्या घराण्यात आजोबांपर्यंत मेंढरं होती. आता ऊस आहे, कांदा आहे, दारात म्हशी आहेत, मेंढरू एकही नाही. माझ्या धाकट्या भावाचा मुलगा बिरू तेव्हा नववीत. गप्प पोरगं. वर्गात तो शिरला की मागच्या बाकावरून मेंढराचा आवाज यायचा. रोज. पुढाकार ओंकारचा. ओंकार गावातल्या मोठ्या बागायतदाराचा मुलगा, दिसायला देखणा, बोलायला गोड, सगळ्यांचा लाडका. एक दिवस बिरूनं पाण्याची स्टीलची बाटली त्याच्या तोंडावर मारली. ओंकारचा दात पडला.

आता आमच्याकडं भांडण मिटवायची एक रीत आहे. गावाच्या तंटामुक्ती कमिटीचे अध्यक्ष माझे थोरले बंधू, सगळे त्यांना आप्पा म्हणतात. आप्पांनी दोन्ही घरं देवळापुढं बोलावली. सतरंजी घातली, माईक लावला. दोन्ही पोरांना शाल आणि नारळ दिला, एकमेकांना पेढा भरवायला लावला, गळाभेट करायला लावली. सगळ्या गावानं टाळ्या वाजवल्या. फोटो आणि व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर गेले, खाली हात जोडलेली चित्रं. आप्पांचं मोठं नाव झालं.

दुसऱ्या दिवशी मी गाडी चालवता चालवता मॅडमना हे कौतुकानं सांगितलं. त्या म्हणाल्या, "गाडी जरा बाजूला घ्या, मामा."

मी घेतली.

"मिटलं, असं बिरू म्हणाला?"

"त्याला कोन इचारतंय मॅडम? ल्हान हाय त्यो."

मॅडमनी खिडकीबाहेर बघितलं नाही. उसाचं कौतुकही केलं नाही. हात पुढं केला आणि म्हणाल्या, "तो व्हिडिओ दाखवा."

व्हिडिओ तोपर्यंत ग्रुपवरून पोरांच्या मोबाइलवर गेला होता आणि कुणीतरी त्यात गळाभेटीच्या जागी मेंढराचा आवाज घातला होता. तो मला मॅडमनीच शोधून दाखवला. शालीतला बिरू, ओंकारच्या खांद्यावर त्याची हनुवटी, आणि तो आवाज. मला आधी हसू आलं आणि मग मी मोबाइल उलटा करून मॅडमच्या हातात दिला.

मॅडमनी शाळेला कळवलं आणि आम्ही गेलो. बादली निघाली, फडकी निघाली. माझा पुतण्या माझीच जीप धुवायला लागला आणि मॅडम म्हणाल्या, "मामा, चहा." या वेळी मला जायला जड गेलं. टपरीवर चहा समोर तसाच निवला. परत आलो तर बिरू मागच्या पायरीवर बसलेला, फडकं हातात पिळून धरलेलं. मॅडमच्या बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या.

"बसा, मामा," त्या म्हणाल्या. "बिरूनं मला एक गोष्ट सांगितली. मी त्याला म्हटलं, ही मी एकटीनं पोटात ठेवणार नाही. शाळेला आणि दवाखान्यातल्या डॉक्टरांना मला सांगावंच लागेल. पण घरात आधी कुणाला सांगायचं ते तू ठरव. त्यानं तुमचं नाव घेतलं."

घरात मला सगळी पोरं नाना म्हणतात. बिरू टायरकडं बघत बोलायला लागला. "नाना, यात्रेला. आर्केस्ट्रा आसतो ना, त्येच्या स्टेजमागं. त्यो तिकडं येतोच. कोयता मोटरंच्या खोलीत ठिवलाय. धार लावून." शाळेतला धडा म्हणून दाखवावा तसं त्यानं हे सांगितलं. यात्रा पंधरवड्यावर आली होती.

मी घाबरलो. खोटं कशाला सांगू? ज्याला मी खांद्यावर बसवून जत्रेत फिरवलं, ते पोरगं माझ्यासमोर बसून कुणाला कुठं मारायचं ते सांगत होतं. मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली आणि त्याला उराशी धरावंसंही वाटलं. मॅडमनी माझ्याकडं नुसतं बघितलं. मी दोन्हीतलं काहीच केलं नाही. त्याच्या शेजारी बसलो.

"हा बेत आहे, मामा," मॅडम त्याच्यासमोरच म्हणाल्या. "जागा ठरलीय, दिवस ठरलाय, हत्यार आणून ठेवलंय. पण त्यानं तो सांगितला. कुणीतरी अडवावं असं त्यालाही वाटतंय. हो ना रे?"

 बिरूनं फडकं खाली ठेवलं आणि तोंड झाकलं.

त्यानंतर मॅडमनी जे केलं त्यात एकही मोठी गोष्ट नव्हती. त्या दिवशीच मुख्याध्यापकांना सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं, ओंकारच्या घरी जाऊन त्याच्या आईबापांना सावध केलं. मग माझ्या धाकट्या भावाकडं, बिरूच्या बापाकडं, आल्या आणि म्हणाल्या, घरातले सगळे कोयते यात्रा होईपर्यंत दुसरीकडं ठेवा. भाऊ म्हणाला, "मॅडम, शेतकऱ्याच्या घरात कोयता नसंल तर काय पेन आसंल?" मॅडम म्हणाल्या, "मामांच्या दौंडच्या खोलीवर असू द्या. काम निघालं तर मामा आणून देतील." झालं, मी हमाल ठरलो.

सगळे कोयते पोत्यात बांधून मी मागच्या सीटखाली टाकले आणि मॅडमना घेऊन निघालो. त्या दिवसांत कोयते घेऊन फिरणाऱ्या पोरांचा बोभाटा झालेला, त्यामुळं हायवेवर नाकाबंदी. हवालदारानं पोतं उघडलं. एकदा पोत्याकडं बघितलं, एकदा गाडीवरच्या सरकारी पाटीकडं, एकदा मॅडमकडं. "ह्ये काय हो बाई?" मॅडम शांतपणे म्हणाल्या, "पोरांच्या हातून काढून घेतलेत." हवालदार म्हणाला, "म्हंजी आमचंच काम करताय व्हय?" आणि स्वतः पोत्याचं तोंड बांधून दिलं. पुढं चार किलोमीटर मॅडम हसत होत्या. त्यांना तेवढं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि त्या आठवड्यात मला ते फार हवं होतं.

ओंकारनंही जीप धुतली. त्याचे वडील म्हणाले, "माझं पोरगं सरकारी गाडी धुनार?" मी म्हटलं, "सरकारी न्हाई, भाड्याची हाय." ओंकार काय बोलला ते मला माहीत नाही, मी चहाला गेलो होतो. परत आलो तेव्हा त्याचा गोड चेहरा उतरलेला होता आणि तो मन लावून नंबरप्लेट घासत होता. मॅडमनी त्याच्या वडलांना एवढंच सांगितलं, "पुन्हा देवळापुढं बसायचं नाही. शाल नको, माईक नको. तो व्हिडिओ ज्याच्या-ज्याच्याकडं आहे त्याच्याकडून ओंकार स्वतः काढायला लावेल. आणि वर्गातला तो आवाज बंद." वर्गशिक्षक तेव्हापासून हजेरीला मागच्या बाकाजवळ उभे राहायला लागले. आवाज बंद झाला.

राहिले आप्पा. आप्पांना आम्ही भाऊ उलटून बोलत नाही. मॅडम त्यांच्याशी बोलल्या, काय बोलल्या ते दोघांनाच ठाऊक. पुढच्या फेरीला बिरू जीपचं चाक पुसत होता, तर आप्पा पांढऱ्या टोपीत, धोतर आवरून त्याच्याशेजारी उकिडवे बसले आणि दुसरं फडकं उचललं. मॅडमनी मला चहाला पाठवलं नाही, की मीच गेलो नाही, आता आठवत नाही. बराच वेळ दोघं एकाच चाकावर फडकी फिरवत होते.

"मला वाटलं मिटलं," आप्पा म्हणाले.

"न्हवतं मिटलं, आप्पा."

"तुला इचारायला पायजे हुतं. चुकलं माझं."

आप्पांच्या तोंडून हा शब्द आमच्या बापानंही ऐकला नसेल. बिरू रडायला लागला, मोठ्यानं, लहान पोरासारखा. आप्पा चाक पुसतच राहिले, त्यांना दुसरं काय करावं ते सुचेना.

यात्रेच्या दिवशी त्याला घरात कोंडू नका, असं मॅडमनी बजावलं होतं. एकटा बसेल आणि तेच घोकत राहील, म्हणाल्या. मग बिरू आणि मी कापून नेलेल्या उसाच्या रानात पाहुण्यांच्या गाड्या लावून घेत होतो. रजेचा दिवस असून मॅडम आल्या, पुरणपोळी जेवल्या, आमच्या बायकांबरोबर बांगड्या भरल्या. दुपारी खेळण्यांच्या दुकानापाशी ओंकार समोरून आला. मी बिरूच्या आणखी जवळ सरकलो. ओंकारनं मान खाली घातली आणि बाजूला झाला. बिरू सरळ पुढं गेला. संध्याकाळी आर्केस्ट्रा सुरू व्हायच्या आधीच बिरूच्या आईचा भाऊ त्याला आपल्या गावी घेऊन गेला. असं काहीही न घडता यात्रा पार पडली.

मॅडम त्यानंतरही येत राहिल्या. आधी दर आठवड्याला, मग महिन्यानं, बिरू दहावी होईपर्यंत. त्यानं पुढं आयटीआय केलं, आता कुरकुंभला कंपनीत आहे. तो आणि ओंकार दोस्त झाले नाहीत. मॅडमनी तशी अपेक्षाही धरली नव्हती. योजनेची मुदत संपली तशी मॅडमना दुसऱ्या जिल्ह्यात जावं लागलं. निरोप समारंभ ठरला होता, पण त्याच वेळी न्हावऱ्याहून एका शाळेचा फोन आला आणि आम्ही तिकडं निघालो. हार ऑफिसातच सुकला. त्यांची ती शेवटची फेरी. मला त्यांचे आभार मानायचे होते, आणि मी आख्खा रस्ता गाडीच्या ॲव्हरेजविषयी बोललो.

परवा ओंकारचं लग्न झालं. सगळ्या गावाला आवतण होतं. बिरू पाळीवरून सुटून तसाच आला, आहेर दिला, पंगतीला बसला. नवरदेव स्टेजवर हार घालून उभा होता. मी त्याच्या गळ्यातल्या हाराकडं बघितलं आणि मला पुढचं काही दिसेना. जो मेला असता तो नवरदेव होऊन उभा होता, जो जेलात गेला असता तो बुंदी खात होता, आणि हे मांडवात कुणाला सांगायची सोय नव्हती. न झालेल्या गोष्टीचे आभार मानायला माणूस कुठं जाणार?

आमच्याकडच्या लग्नात माईकवाला असतो. आलेल्या-न आलेल्या सगळ्या पुढाऱ्यांची नावं घेऊन शुभाशीर्वाद सांगत असतो. चेअरमन झाले, संचालक झाले, माजी सरपंच दोनदा झाले. मी उठलो आणि त्याच्या कानात मॅडमचं नाव सांगितलं.

"कोण ह्या?" त्यानं विचारलं.

"घ्या तुम्ही नुसतं," मी म्हटलं. "लई मोठ्या हायत."

त्यानं घसा साफ केला. "जिल्ह्याच्या लाडक्या नेत्या," असं स्वतःच्या पदरचं जोडून त्यानं मॅडमचं पूर्ण नाव खणखणीत आवाजात घेतलं. मांडवात कुणाच्याच ते कानावर गेलं नाही, वाढपी हिंडत होते, पोरं ओरडत होती, बायका नवरीकडं बघत होत्या.

फक्त स्टेजवर नवरदेवानं मान वर केली, आणि पंगतीत बिरूनं घास हातातच धरला.